बत्तिशीकाका आणि वाडग्यातलं पिवळं पाणी

बत्तिशीकाकांसमोर हसायचं म्हणजे जरा विचार करूनच हसावं लागतं. ते काही बोलत नाहीत हो, पण त्यांची नजर आपल्या डोळ्यांवरून घसरते ती थेट दातांवर जाऊन बसते. मग आपण हवापाण्याचं काहीतरी बोलत राहायचं आणि त्यांनी मनातल्या मनात आपल्या सुळ्याचा रंग ठरवत राहायचं. त्यांचा धंदाच तो. डेंटिस्ट दात घासून बारीक करतो, माप घेतो आणि पुढे त्या मापावर जी कॅप येते ना, ती कुणीतरी कुठेतरी बसून बनवलेली असते, तर ते कुणीतरी म्हणजे हे. शहरातल्या निम्म्या लोकांच्या तोंडात काकांची कामं आहेत आणि त्यातल्या कुणालाच काका माहीत नाहीत. याचा त्यांना कोण अभिमान. म्हणतात, "माझं काम ओळखू आलं की समजायचं बिघडलं."

लॅब घरातच. तळमजल्यावरचा फ्लॅट, त्यातली रस्त्याकडची खोली. खिडकीशी टेबल, टेबलावर छोटीशी भट्टी, पोर्सिलेनच्या पुडीच्या बाटल्या, आणि मांजराच्या मिशीइतके बारीक ब्रश. पुडीत थेंबभर औषधी पाणी घालायचं, ब्रशने थरावर थर चढवायचे, भाजायचं, बघायचं, परत थर. कडेला एक सिंक, एक नळ. आणि एक पांढराशुभ्र खोलगट वाडगा. हा वाडगा म्हणजे काकांचं खास शास्त्र. त्यांचं म्हणणं, माणसाच्या तोंडात दात कायम ओला असतो, मग कोरड्या दाताचा रंग बघून काय उपयोग? म्हणून भाजलेली कॅप ते नळाच्या ताज्या पाण्याने भरलेल्या वाडग्यात बुडवायचे, खिडकीच्या उजेडात धरायचे आणि शेजारी डॉक्टरांनी कळवलेल्या रंगाचा नमुन्याचा दात ठेवून रंग जुळवायचे. नमुन्याचा दात मात्र कोरडाच, कारण तो लोखंडी पट्टीला चिकटवलेला आणि पट्टी गंजली तर? धूळ आणि गंज, काकांचे दोन जन्माचे वैरी. त्यांच्या वडिलांनीही आयुष्यभर असंच वाडग्यात बघून दात केले होते, त्यामुळे या पद्धतीवर शंका घ्यायचा प्रश्नच नव्हता.

तर त्या वाडग्यातलं पाणी एके दिवशी पिवळं दिसायला लागलं.

खूप नाही. अगदी फिकट, चहाची पिशवी नुसती दाखवून काढल्यासारखं. काकांनी वाडगा घासला, परत भरला. नळातून पडताना धार स्वच्छ काचेसारखी, वाडगा भरला की पिवळट. काकांनी डोळे चोळले. डोळे धुतले. म्हणजे त्याच पाण्याने धुतले, पण ते सोडा. परत बघितलं. पिवळंच.

आता तुम्ही-आम्ही काय केलं असतं? ओरडलो असतो, अरे नळाला पिवळं पाणी येतंय. पण काकांच्या डोक्यात पाण्याचा विचार आलाच नाही. त्यांना आठवले वडील. वडिलांना मोतीबिंदू झाला होता. जगच पिवळट दिसायला लागलेलं, त्यामुळे प्रत्येक दात त्यांना पिवळा वाटायचा आणि ते तो अजून पांढरा करायचे. कबूल काही केलं नाही. त्यांची शेवटची कामं अशी पांढरीफटक यायची की डॉक्टर लोक तोंडावर "वा वा" म्हणायचे आणि मागे हसायचे, आणि मग एकेक करून यायचे बंद झाले. काका तेव्हा तरुण होते, त्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसायचे, सगळं दिसत होतं आणि बोलता येत नव्हतं. त्यामुळे वाडग्यातलं पाणी पिवळं दिसलं तेव्हा काकांना जी धास्ती बसली ती पाण्याची नव्हतीच. आली आपली पाळी, एवढंच त्यांना वाटलं. आणि त्यांनी ठरवलं, कुणाला सांगायचं नाही.

गंमत पुढेच आहे. घरात आणखी दोन माणसं होती आणि दोघींनाही पिवळं पाणी दिसलं होतं.

काकू शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला. त्यांना बाथरूमच्या बादलीत पिवळट पाणी दिसलं, आणि त्यांनी मनातल्या मनात निकालही देऊन टाकला, की ह्यांनीच रंगाचे ब्रश बादलीत बुडवले. कारण आधी एकदा काकांनी प्लॅस्टरचं पाणी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतलं होतं, सिंक दगड होऊन बसलं होतं आणि त्यावरून घरात जे रामायण झालं ते झालं. शेवटी काकू म्हणाल्या होत्या, "यापुढे मी तुमच्या पुड्यांबद्दल चकार शब्द काढणार नाही. तुम्हाला कळेल तेव्हा कळेल." आणि काकू शब्दाच्या पक्क्या. त्या बादली ओतून द्यायच्या, दुसरी भरायच्या आणि बादली आपटण्याचा आवाज लॅबपर्यंत जाईल एवढी काळजी घ्यायच्या.

आणि लेक. हिने परीक्षेच्या तोंडावर, आईने बजावून सांगितलेलं असताना, केसांना तपकिरी रंग लावला होता. आतल्या बाजूला, वेणी घातली की दिसणार नाही असा. बादली पिवळी दिसल्यावर हिला वाटलं, मेले, रंग अजून सुटतोय. तेव्हापासून ती अंघोळ झाली की बादली, मग्गा, फरशी सगळं घासून चकाचक करून बाहेर यायची आणि काकू मैत्रिणींना सांगायच्या, पोरगी फार सुधारली हो.

प्यायचं पाणी फिल्टरचं, स्वयंपाकघरात सगळी स्टीलची भांडी, त्यात रंग कुठे दिसतोय? तर असं एकाच घरात तिघंजण, एकच पिवळं पाणी, आणि तिघंही तोंड शिवून बसलेले.

मग पहिली कॅप परत आली.

ती होती ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या एका बाईंची. शिकाऊ पोराने कचकन ब्रेक मारला, बाईंचं तोंड डॅशबोर्डवर, पुढचा दात अर्धा. डेंटिस्ट डॉक्टरीणबाई काकांकडे वर्षानुवर्षं काम पाठवायच्या, त्यांनीच फोन केला.

"काका, रागावू नका हं. पण ती पुढच्या दाताची कॅप जरा... पांढरी झालीय."

"किती पांढरी?"

"बसवून बघितली मी. बाई आरशात बघून म्हणाल्या, हा दात आहे की इंडिकेटर?"

काका हसले नाहीत. एरवी हसले असते.

"म्हणाल्या, पोरं रस्त्याकडे बघायची सोडून माझ्या तोंडाकडे बघतील," डॉक्टरीणबाई सांगत होत्या. "एक शेड खाली घ्या ना काका. तुमच्याकडून असं कधी होत नाही म्हणून म्हटलं, काही घाईत होतात का?"

"घाईतच होतो," काका म्हणाले. "पाठवा परत."

काकांनी फोन ठेवला. पांढरी. नेमकं वडिलांसारखंच. खरं तर झालं एवढंच होतं की कॅप पिवळ्या पाण्यात, नमुना कोरडा बाहेर, म्हणून बरोबर जमलेली कॅपसुद्धा त्यांना पिवळी वाटली आणि त्यांनी ती पांढरी करत नेली. पण हे त्यांना कोण सांगणार? त्यांनी पांढरा कागद घेऊन खिडकीत धरला. एकदा पांढरा दिसला. एकदा नाही दिसला. मनात एकदा किडा शिरला की कागदाचंही काही खरं राहत नाही.

त्या दिवसापासून काका घरात विचित्र प्रश्न विचारत फिरायला लागले. जेवताना मध्येच, "हा टेबलक्लॉथ नवा आणला तेव्हा असाच होता का गं?" काकूंना तो टोमणा वाटला. "तुम्ही धुवून बघा एकदा म्हणजे कळेल," त्या म्हणाल्या. लेकीला विचारलं, "माझा हा शर्ट कुठल्या रंगाचा?" ती म्हणाली, "बाबा, तू ठीक आहेस ना?" ते म्हणाले, "मी ठीकच आहे, शर्टाचं विचारतोय." डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं मात्र नाव नाही. तिथे गेलं की ते सांगणार, सांगितलं की खरं होणार, त्यापेक्षा न गेलेलं बरं, असं त्यांचं गणित.

बाईंची कॅप त्यांनी दुसऱ्यांदा केली. वाडग्यात बुडवली. पिवळी. एक थर काढला, दुसरा चढवून भाजला, परत बुडवली. परत पिवळी. एक शेड खाली घ्यायची होती आणि डोळा म्हणत होता वर घे. कुणाचं ऐकायचं? आयुष्यात पहिल्यांदा काकांना स्वतःच्या हातातला दात बरोबर आहे की चूक हे कळेना. तेवढ्यात दारावरून लेक जाताना दिसली आणि त्यांनी मनाचा हिय्या करून हाक मारली.

"इकडे ये जरा."

ती आली. वेणी घट्ट धरून.

"या वाडग्यात बघ. हे पाणी तुला कसं दिसतंय?"

लेकीने वाडग्यात बघितलं आणि ती गारच पडली. पिवळं. बाबाला कळलं. बाथरूमचं पाणी आणून पुरावा म्हणून समोर ठेवलंय आणि आता असं साळसूदपणे विचारतोय. हे आईबापांचं नेहमीचंच, सगळं माहीत असतं आणि तरी आपल्या तोंडून काढून घ्यायचं असतं.

"कसं म्हणजे?" ती म्हणाली. "पाण्यासारखं पाणी."

"रंग? काही रंग दिसतो का?"

"छे. स्वच्छ आहे. एकदम स्वच्छ."

"नीट बघ."

"बाबा, स्वच्छ आहे रे, शपथ." आणि ती निसटली.

काकांनी वाडगा हळूच टेबलावर ठेवला. झालं. कोवळ्या डोळ्यांची पोरगी सांगते स्वच्छ, म्हणजे ते स्वच्छच. त्यांनी भट्टी बंद केली. ब्रश धुतले, पुसले, ओळीने लावले, बाटल्यांची बुचं घट्ट केली. कुणी गावाला जाताना घर आवरतं ना, तसं. आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"डॉक्टर, ही एवढी कॅप देतो. पुढच्या दातांचं काम यापुढे दुसऱ्या कुणाला देत चला. मी कवळ्या करीन. तयार दातांचे सेट येतात, नंबर बघून लावायचे."

"काका, एका कॅपवरून रागावलात?"

"रागावलो नाही हो."

"मग?"

"सांगतो कधीतरी," म्हणाले आणि ठेवला.

हे वाचायला साधं वाटतं, पण काकांनी कवळ्या करणं म्हणजे गवयाने रेकॉर्ड लावून बसणं. तयार दात, तयार रंग, यात त्यांचं काय? पण कुणीतरी मागे हसण्यापेक्षा आपणच उठलेलं बरं, असं ते स्वतःला समजावत राहिले आणि मग बायकोला तरी सांगावं म्हणून बाथरूमकडे गेले.

काकू तिथे कपडे धुवत होत्या. हातात त्यांचा प्रयोगशाळेचा पांढरा कोट. म्हणजे कधीकाळी पांढरा.

"अगं ऐक ना," काका दारात उभे राहून म्हणाले, "मला एक सांगायचंय."

"आधी मला सांगायचंय." काकूंनी कोट पिळून त्यांच्यासमोर झटकला. "मी म्हटलं होतं चकार शब्द काढणार नाही. नाही काढला. पण आता हे बघा. मी मुद्दाम चहात बुडवला असता तरी इतका सारखा रंग आला नसता. सोमवारी हा घालून मी मुलांसमोर उभी राहू?"

"कसला रंग?"

"कसला म्हणजे? तुमच्या त्या पुड्यांचा. रोज बादलीत ब्रश बुचकळता ते काय मला कळत नाही?"

"मी बादलीला हात लावलेला नाही," काका म्हणाले. मग त्यांचा आवाज एकदम बदलला. "थांब. बादलीतलं पाणी तुला कसं दिसतंय?"

"पिवळं. कसं दिसणार?"

"पिवळं?"

"पिवळंधमक. आज तर तपकिरीच आहे."

काकांनी तिचे ओले खांदे धरले. "परत म्हण."

"अहो, काय चाललंय तुमचं? पिवळं, पिवळं, पिवळं. किती वेळा म्हणू?"

आणि बत्तिशीकाका तिथेच, बाथरूमच्या उंबऱ्यावर, पायजमा भिजतोय याची शुद्ध न ठेवता खाली बसले आणि हसायला लागले. काकूंना आधी राग आला, मग भीती वाटली. कारण ते हसता हसता डोळे पुसत होते आणि ते पुसणं हसण्याचं नव्हतं.

मग सगळं बाहेर आलं. वाडगा, वडील, परत आलेली कॅप, डॉक्टरीणबाईंना केलेला फोन. काकू ऐकत होत्या, हात साबणाचे तसेच.

"म्हणजे तुम्ही इतके दिवस हे मनात घेऊन फिरत होता," त्या शेवटी म्हणाल्या, "आणि मी बादल्या आपटत होते."

"ऐकू यायच्या मला."

"मला का नाही सांगितलंत? मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आजकाल माणसं चालत घरी येतात. आमच्या शाळेच्या शिपायाने तर रजासुद्धा धड घेतली नाही."

"मला वाटलं तू हसशील."

"तुम्हाला हसायला मला डोळ्यांचं कारण लागतंय होय?" काकू म्हणाल्या आणि कोटाच्याच बाहीने त्यांनी आपलं नाक पुसलं.

एवढ्यात काकांच्या लक्षात आलं. "पण पोरगी म्हणाली स्वच्छ आहे. शपथ घेतली तिने."

दोघांनी मागे बघितलं. पोरगी पॅसेजमध्येच उभी होती, सगळं ऐकून रडवेली झालेली. तिने वेणी सोडली आणि आतला तपकिरी रंग समोर धरला. "मला वाटलं याचंच आहे," ती म्हणाली. "बाबा, सॉरी. मला माहीत असतं ना तू कशासाठी विचारतोयस..." काकूंनी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. काकांनी केसांची बट हातात घेऊन खिडकीकडे वळवून बघितली. "शेड बरी निवडलीस," म्हणाले. "फक्त मुळाशी सारखी बसली नाही."

त्यानंतर काका जे सुटले. वाडगा भरून घेतला आणि तसेच जिन्याने वर. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी दार उघडलं तर समोर ओल्या पायजम्यात बत्तिशीकाका, हातात वाडगा, चेहऱ्यावर हे एवढं हसू.

"आजोबा, हे पाणी कसं आहे?"

"शी. कुठून आणलंत हे?"

"घाण आहे ना?"

"गटाराचं वाटतंय."

"थँक्यू," काका म्हणाले आणि पुढच्या दाराकडे गेले. सगळी बिल्डिंग त्यांनी पालथी घातली. प्रत्येकाने नाक मुरडलं आणि प्रत्येकाला त्यांनी मनापासून धन्यवाद दिले. लोकांना वाटलं माणूस गेला कामातून.

पण एक गोष्ट होती, बाकी सगळ्यांच्या नळाला पाणी स्वच्छ. फक्त काकांकडेच हा प्रसाद. प्लंबरला बोलावलं. तो आला, सिंकखाली वाकून बघितलं आणि उठून कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"काका, आठवतंय का, बिल्डिंगचे जुने लोखंडी पाइप काढून आम्ही प्लास्टिकचे टाकले तेव्हा तुमच्या या खोलीतली फरशी फोडायची होती."

काका पायाखालच्या फरशीकडे बघायला लागले.

"तुम्ही दारात आडवे झाला होता. म्हणालात, माझ्या लॅबमध्ये धुळीचा एक कण आला तर बघ."

"म्हणालो असेन."

"म्हणून तेवढा तुकडा तसाच ठेवून पुढे जोड मारला. सगळ्या बिल्डिंगमध्ये एवढाच लोखंडी राहिलाय. आतून गंजलाय तो. आणि घरातले सगळे नळ याच्या पुढे आहेत."

काकूंनी काकांकडे नुसतं बघितलं.

फरशी फोडावीच लागली. काकांनी भट्टीला चादर गुंडाळली, बाटल्या पिशव्यांत बांधल्या, आणि ठोकाठोक सुरू झाली तशी ते स्वयंपाकघरात येऊन बसले, कानावर हात ठेवून. जुना पाइप निघाला तो आतून असा माखलेला, की तपकिरी खपल्या नुसत्या हात लावला तरी गळत होत्या, मध्ये जेमतेम बोट जाईल एवढी वाट. नवा पाइप बसला, सगळे नळ सोडून ठेवले, आधी तांबडं गढूळ आलं, मग पिवळं, मग फिकट. काकू प्रत्येक नळाखाली काचेचा ग्लास धरून उजेडात बघत होत्या. फिल्टरची आतली कांडी काढून टाकली, नवी घातली. कोट काही पांढरा झाला नाही. लेकीने तो सरळ तपकिरी रंगवून टाकू या का असं विचारलं आणि केसांवरून जे बोलणं इतके दिवस राहिलं होतं ते सगळं तिला तेव्हा ऐकून घ्यावं लागलं.

डोळ्यांच्या डॉक्टरकडेही काकूंनी त्यांना हाताला धरून नेलं. चष्म्याचा नंबर थोडा वाढलाय, बाकी वयाच्या मानाने छान, असं तो म्हणाला. हे सगळं झालं तरी बाईंच्या दाताला हात लावायचा म्हटल्यावर काकांनी ब्रश दोनदा उचलला आणि दोनदा खाली ठेवला. डोळे ठीक आहेत हे डॉक्टरने सांगणं वेगळं आणि दाताने सांगणं वेगळं. लॅबमध्ये सिमेंट ओलं होतं म्हणून भट्टी उचलून आणून कॅप स्वयंपाकघरातल्या टेबलावर केली. वाडग्यात बुडवली. या वेळी नमुन्याचा दातही पट्टीवरून सोडवून शेजारीच पाण्यात सोडला, गंजेल तर गंजू दे पट्टी. दोन्ही बराच वेळ बघितले. लेक समोर बसली होती, पण तिला काही विचारलं नाही. मग शेवटची चकाकी द्यायला भट्टी लावली.

कॅप द्यायला काका स्वतः दवाखान्यात गेले. असे ते कधी जात नसत. ड्रायव्हिंगच्या बाई खुर्चीत आडव्या होत्या आणि त्यांचं तोंड उघडं असल्यामुळे नाइलाजाने गप्प होत्या. डॉक्टरीणबाईंनी कॅप बसवली, दाबली, पुसली, दिवा बाजूला केला आणि खिडकीचा पडदा सरकवला.

"हसा," त्या म्हणाल्या.

बाई हसल्या. काका पुढे वाकले. त्यांनी डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. त्यांना आपला दात सापडेना.

"डॉक्टर," ते हळूच म्हणाले, "कुठला आपला?"

डॉक्टरीणबाईंनी बोट पुढे केलं. मग ते बोट थांबलं, जरा डावीकडे गेलं, परत उजवीकडे आलं. "थांबा हं. आत्ता तर बसवला मी."

"अहो, तुम्हालाच माहीत नाही?" खुर्चीतून बाई म्हणाल्या. "मग माझा तुटला कुठला होता?"

काका मागे झाले, भिंतीला टेकले. आणि मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय मग काका, कवळ्याच पाठवू का आता?"

"पाठवा की," काका म्हणाले. "त्यांच्याबरोबर पुढचे दातही पाठवा."